कुरणाची वही

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून आपण दिवाळीला आरंभ करतो. गाईच्या कपाळी हळदकुंकू लागते, गळ्यात झेंडूची माळ पडते, उडदाच्या वड्यांचा नैवेद्य तिच्या मुखी जातो, आणि वासराच्या पाठीवरून हात फिरवून घरातली लेकरेही तृप्त होतात. ही गाय उद्या सकाळी चरायला कुठे जाणार, हा प्रश्न मात्र त्या मंगल घटकेला कोणी विचारीत नाही. विचारला तर सणाचा विरस होईल, म्हणूनही असेल. पण मी पडलो शाळामास्तर, त्यातही इतिहास शिकविणारा. नको त्या वेळी नको तो प्रश्न विचारण्याची या धंद्याला खोडच असते. तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट पुढ्यात ठेवूनच हे वाचावे.

आपल्या पूर्वजांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. गाव म्हणजे नुसती घरे नव्हेत. घरे उभी असतात ती पांढरी, पीक येते ती काळी, आणि या दोहोंच्या पलीकडे शिवेपर्यंत जे उरते ते गायरान, कुरण, डोंगर, ओढ्याकाठची झाडी आणि देवाच्या नावाने राखलेली राई. पांढरीत माणूस राहतो, काळीवर जगतो. पण त्याचे ढोर, त्याची चूल, त्याच्या नांगराचे लाकूड, घरावरचे छप्पर आणि आजारपणातला पाला हे सारे त्या तिसऱ्या भागातून येत असे. त्याला धनी असा नव्हता, पण नियम होते. पावसाळ्यात गवत वाढत असता कुरणात ढोर घालायचे नाही, बी धरून गवत पिवळे पडले की मगच विळा लावायचा, देवराईतली वाळली काटकीसुद्धा उचलायची नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हा भोवतालचा डोंगर उघडा पडला असताना देवाच्या धाकाने राखलेल्या तुकड्यांत जुनी झाडे तेवढी शिल्लक राहिलेली त्यांना आढळली.

राज्यकर्तेही याकडे डोळेझाक करीत नसत. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून जे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे, ते अठराव्या शतकाच्या आरंभीचे. आरमारासाठी लाकूड लागते हे तर खरेच; पण आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, त्यांना धन्याच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, झाड जीर्ण झाले असेल तर त्याचे मोल देऊन, समजूत घालून मग न्यावे, असा त्यातला आशय आहे. पेशवाईत घोडदळासाठी सरकारी कुरणे राखीत, त्यांवर पहारे बसत. सारांश, राखण आणि वापर या दोन गोष्टी तेव्हाच्या माणसाच्या मनात एकमेकींच्या वैरिणी नव्हत्या.

हे नियम कागदावर नव्हते, पारावर होते. दुष्काळ पडला की कुरण लवकर मोकळे होई, पाऊस झोडपून गेला की उशिरा. परिस्थिती पालटली की नियम पालटे, आणि त्यासाठी कोणाच्या सहीशिक्क्याची वाट पाहावी लागत नसे. तथापि त्या पाराचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. पारावर बसत कोण? पाटील-कुलकर्णी बसत, मिरासदार बसत. महारवाड्यातला माणूस खाली उभा राही, आणि बायका तर विहिरीवरून ऐकतील तेवढेच ऐकत. गुराखी आणि गवताचा भारा वाहणारी बाई यांना कुरणाची जी माहिती असे, ती कुरणाचा निर्णय करणाऱ्यांना क्वचितच असे. हा दोष पुढे दीडशे वर्षे नाना रूपांनी आपला पाठलाग करतो.

इंग्रजांच्या अमदानीत आगगाडी आली आणि रुळांखाली घालायला सागाच्या फळ्या हव्या झाल्या. १८६४ साली वनखाते स्थापन झाले, त्यावर ब्रँडिस नावाचा जर्मन वनशास्त्रज्ञ नेमला गेला. पुढच्याच वर्षी जंगलाचा पहिला कायदा झाला आणि १८७८ साली दुसरा, अधिक कडक. त्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. राखीव म्हणजे गावकऱ्याचा हक्क संपला. पूर्वीपासून जे तो हक्काने आणीत होता, ते आता कृपेने मिळाले तर मिळाले. त्या कायद्यात 'ग्रामवन' असाही एक प्रकार होता, म्हणजे सरकारने मनावर घेतले तर जंगलाचा तुकडा गावाच्या हवाली करावा. सरकारने ते मनावर घेतल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

याच सुमारास पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे एक अर्ज धाडला होता. शाळेच्या पुस्तकात तो सापडत नाही, आणि सापडायला हवा असे माझे मत आहे. सभेचे म्हणणे थोडक्यात असे: गावकऱ्याला रानातून हुसकून लावण्याऐवजी त्याला विश्वासात घ्या, जे गाव आपला रानाचा तुकडा नीट राखील त्याला बक्षीस द्या, शाबासकी द्या. मग शेजारच्या गावांत चढाओढ लागेल, आणि लोकांना आपापले रान असले म्हणजे सरकारी जंगलालाही कोणी त्रास देणार नाही. दीडशे वर्षांनंतरही या म्हणण्यात काही बदलावे असे मला वाटत नाही. पाचच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी हाच घाव अधिक जिव्हारी मारला आहे. डोंगर, दऱ्या, पडीक माळ, गायराने, सारे जंगलखात्यात घालून टाकल्यामुळे गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, हे त्यांचे दुःख. सभेतली वकील मंडळी आणि जोतीराव यांचे एरवी फारसे जमत नसे. या एका बाबतीत मात्र दोघांचे बोट एकाच जखमेवर होते.

वनखात्याचा कारभार एका आराखड्यावर चाले, आजही चालतो. त्याला 'कार्य आयोजना' म्हणतात. कोणत्या कूपात कोणत्या वर्षी तोड व्हायची, लागवड कोठे, चराई बंद कोठे, हे दहा-दहा वर्षांचे आधीच ठरविलेले असते. मुदत संपली की अधिकारी येतो, मोजमाप करतो आणि नवी आयोजना लिहितो. आराखडा असणे आणि तो मुदतीने पुन्हा तपासणे ही शिस्त मोलाची आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. दुखणे एवढेच, की गावाच्या उंबरठ्यावरच्या रानाचा हिशेब जिल्ह्याच्या ठिकाणी मांडला जाई, आणि तिथे गवत कापणारीचे नाव कुठल्याच रकान्यात नसे.

१९३० साली या गोष्टीचा स्फोट झाला. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र हवा. वऱ्हाडात आणि मध्यप्रांतात समुद्र कुठला? पण जंगलाचा कायदा तिथे घरोघरी जाचत होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापले आणि स्वतःला अटक करवून घेतली. लोण पसरत गेले. शिराळा तालुक्यात बिळाशीच्या लोकांनी झेंडा उभारला. उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबरच्या दिवशी हजारो आगरी, कातकरी, आदिवासी माणसे कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळाकडे निघाली, तिथे गोळीबार झाला आणि माणसे पडली. एका विळ्याएवढ्या गवतासाठी माणसे मेली, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना ते खरे वाटत नाही. एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, गवत तर आपोआप उगवतं, मग त्याचा कायदा कसा?" त्याला उत्तर देताना माझी तास संपल्याच्या घंटेने सुटका केली.

स्वातंत्र्य आले. पण १९२७ चा जंगल कायदा तसाच राहिला, अजूनही आहे. गायराने सरकारच्या मालकीची आणि ग्रामपंचायतीच्या ताब्यातली झाली. शाळा हवी, गायरान. दवाखाना हवा, गायरान. स्मशान, पाण्याची टाकी, घरकुल, जे कुणाच्या सातबाऱ्यात बसत नाही ते गायरानात. त्यात धनदांडग्यांनीही आपले कुंपण हळूहळू पुढे सरकविले. आणि याच्या उलट दिशेनेही एक न्याय्य मागणी होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा जो मोठा सत्याग्रह केला, त्यात पडीक जमीन कसायला मिळावी ही मागणी होती. ज्याला पारावर कधी बसू दिले नाही, त्याने 'हे सर्वांचे आहे' या वाक्यावर विश्वास का ठेवावा? गावाभोवतीचे हिरवे राखू म्हणणाऱ्याने आधी याचे उत्तर दिले पाहिजे. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निवाडा दिला, आणि त्याला धरून त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारने गायरानाबद्दल कडक आदेश काढला. तरी निवाड्याने कुंपण हटते, गवत उगवत नाही. त्याला बसून ठरवावे लागते.

असे बसून ठरविणारी गावे आपल्याकडे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार वाचकांना माहीतच असेल. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचकीत या दुष्काळी गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. डोंगरावर ढोर न्यायचे नाही, विळ्याने गवत कापून डोक्यावरून घरी आणायचे. हे सारे पुष्कळदा लिहून झाले आहे. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पावसाळा सरला की किती पाऊस पडला, किती मुरला, विहिरींना किती आहे, ते ग्रामसभेपुढे ठेवायचे आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. म्हणजे जुना पारच, पण आकडे हातात घेतलेला. काल केलेला नियम आज पावसाच्या आकड्यापुढे उभा करायचा, ही रीत मला कुऱ्हाडबंदीहूनही मोठी वाटते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) म्हणून शंभरेक घरांचे गोंड वस्तीचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावची. देवाजी तोफा हे तिथले कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहप्रवासी. गावाने दोन सवयी लावून घेतल्या. एक अभ्यासगटाची, म्हणजे प्रश्न आला की आधी तो समजून घ्यायचा. दुसरी सर्वसहमतीची, म्हणजे एकाचीही मनापासून हरकत असेल तर निर्णय पुढे ढकलायचा. मतदान नाही. शहरी माणसाला हे ऐकून हसू येते, पण बहुमताने केलेला नियम रात्री कुऱ्हाड घेऊन कोण मोडतो, तर ज्याचे मत पडले तोच, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

२००६ साली वनहक्कांचा कायदा संसदेत संमत झाला. पिढ्यान्‌पिढ्या जंगल वापरीत आलेल्या गावांना त्या जंगलाची राखण आणि व्यवस्था करण्याचा सामूहिक हक्क त्याने मान्य केला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना खात्याचाच लागे. १९२७ चा कायदा बांबूला झाड म्हणे, नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणे, आणि या दोन व्याख्यांच्या मध्ये गावाचा बांबू पडून राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झाले. सार्वजनिक सभेच्या अर्जाला उत्तर मिळायला तेहतीस आणि शंभर, अशी एकशे तेहतीस वर्षे लागली म्हणायची!

या कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्त्या झाल्या. ग्रामसभेच्या समितीने जंगलाचा संवर्धन आराखडा करावा, आणि त्या आराखड्यात पुढे बदल करायचा झाला तर त्याला ग्रामसभेचीच मंजुरी असावी, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत एक-तृतीयांश बाया हव्यात, हेही लिहिले आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेतली ही दोन वाक्ये मी दोनदा वाचली. आराखडा बदलावा लागणार, हे कायदा करणाराला आधीच कळले होते. आणि बदलताना बाई समोर हवी, हेही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाला हा हक्क २०१२ साली मिळाला, हजार हेक्टरांहून थोडे अधिक जंगल. तेंदूपाने तोडणे हा त्या भागातला हमखास रोकड देणारा धंदा. पण पाने मिळावीत म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि फळे धरायचीच राहतात. पाचगावाने बसून विचार केला आणि तेंदूचा धंदा सोडला. बांबूवर भर दिला, कोवळे कोंब तोडायचे नाहीत असा नियम केला, आणि जंगलाचा एक भाग तर अजिबात न तोडण्यासाठी बाजूला ठेवला. देवराई म्हणा हवे तर, फक्त तिच्यावर पहारा देवाचा नसून ठरावाचा. अमरावती जिल्ह्यातले कोरकूंचे पायविहीर याहून वेगळ्या वाटेने गेले. त्याच्या वाट्याला आले ते उजाड रान, दोनशे हेक्टरांच्या आतले. ते त्यांनी राखले, त्यात झाडे लावली. या दिवसांत बाजारात सीताफळे दिसतात ना? त्या रानातली सीताफळे गावाने एकत्र गोळा करून शहरात विकली. एका गावाने मिळकत सोडून रान राखले, दुसऱ्याने रान राखून मिळकत काढली. एकाचा आराखडा दुसऱ्याला चिकटविला असता तर दोन्ही गावे बुडाली असती.

आता जवळचे सांगतो. आमच्या गावाला जंगल नाही, माळ आहे. बारा वर्षांपूर्वी ग्रामसभेने गायरानाच्या वरच्या अंगाला चराईबंदी केली. घरटी एक विळा, दसऱ्यानंतर गवत कापायचे, डोक्यावर मावेल तेवढा भारा न्यायचा. ठरावाची एक वही आहे, तिला गावात कुरणाची वही म्हणतात. बंदी नीट पाळली गेली. गवत कमरेएवढे झाले, तित्तर परत आले, ओढा माघापर्यंत वाहू लागला. मग यंदा वही पुन्हा उघडण्याचे कारण काय? कारण बारा वर्षांत गावच बदलले. बैल गेले, गावरान गाई घटल्या; दुधाच्या गाड्या फिरू लागल्या तशी चार-सहा घरांच्या गोठ्यांत जर्सी आल्या. माळावरचे गवत बहुतेक त्या गोठ्यांत जाते; घरटी एक विळा असला तरी दुसऱ्याचा विळा मजुरीने लावता येतो. ज्यांना जमीन नाही त्यांच्या दारात मात्र शेळ्या वाढल्या, आणि शेळीला वाळल्या पेंढीचे काय सुख? तिला उभे राहून पाला ओरबाडायचा असतो.

ऑगस्टच्या ग्रामसभेत एक म्हातारी उभी राहिली. आजवर ती सभेत बोललेली कोणी ऐकली नव्हती. ती म्हणाली, "गवात तुमच्या जर्शीला, आन्‌ बंदी आमच्या शेळीला. ह्यो कुठला न्याव?" क्षणभर सारे गप्प. मग तात्या उठले. बारा वर्षे बिनपगारी माळ राखणारा हा माणूस. त्यांनी पोटच्या पोराच्या म्हशीलाही दंड केला आहे. तात्या म्हणाले, "मावशी, तुझं खोटं न्हाई. पर शेळी एकदा आत शिरली की तीन सालांत पुन्हा दगूड दिसंल." तेही खोटे नव्हते. त्यांच्या पायांना त्या दगडांची ओळख होती.

चार बैठका झाल्या. ग्रामसेवकाच्या शेजारी बसून शुद्धलेखन सांभाळण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे प्रत्येक शब्दावर किती ओढाताण झाली हे मी पाहिले आहे. माळाचे तीन तुकडे करायचे ठरले. दोन बंद, एक मोकळा, आणि दरवर्षी फेरपालट. मोकळ्या तुकड्यात शेळ्यांना होळीपर्यंत मुभा, पावसाळ्यात कुणालाच नाही. ज्याच्या गोठ्यात दोनांहून अधिक दुभती जनावरे आहेत त्याने भाऱ्यामागे पैसे भरायचे, आणि ते पैसे तुकड्यांच्या ताली-बांधांसाठी वापरायचे. या शेवटच्या कलमावर दोन गोठेवाले उठून गेले. एक परत आला, दुसरा अजून आलेला नाही. त्याची समजूत घालण्याचे काम चालू आहे. वहीत लिहिले आहे की तीन वर्षांनी हा ठराव पुन्हा सभेपुढे येईल, कोणी तक्रार केली असो वा नसो.

तात्यांनी एक अट घातली. गवत कमी झाले की वाढले हे कोणाच्या तोंडावर न ठेवता मोजून ठरवायचे. म्हणून चार काठ्या बांधून हातभर लांबीरुंदीची एक चौकट केली आहे. ती प्रत्येक तुकड्यात ठरलेल्या दहा जागी टाकायची आणि आत गवताची किती बुडखे आहेत ती मोजून वहीत लिहायची. हे काम शाळेकडे आले आहे. कार्तिकी एकादशी झाली की पहिल्या तुकड्यात शेळ्या सुटतील. त्याच्या आदल्या दिवशी सातवीची मुले चौकट घेऊन माळावर जाणार आहेत, आणि त्यांच्याबरोबर तात्या आणि ती म्हातारी असे दोघेही येणार आहेत.